वेंगुर्ले आणि लाँगइयरब्येन : दोन गावांची वेळ आणि दोन गावांचे दिवस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले आणि लाँगइयरब्येन हीच दोन गावे का?

आमच्या घरातील एक मुलगी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात शिकायला गेली आणि वेंगुर्ल्यातील घरात एकाएकी दोन घड्याळे सांभाळण्याची वेळ आली. त्या दोन वर्षांत नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून ही मांडणी केली आहे. वेंगुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सुमारे बारा हजार वस्तीचे बंदराचे गाव, तर लाँगइयरब्येन हे नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्डचे मुख्य गाव असून त्याची वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे. पहिले १६ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली, दुसरे ७८ अंशांच्या थोडे वर. सरळ रेषेत अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर.

या दोन गावांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असे वाटते, पण ते तितकेसे खरे नाही. १५९६ मध्ये विलेम बारेन्ट्स या डच दर्यावर्द्याने स्वालबार्डचे टोकदार डोंगर पाहून त्या भूमीला स्पिट्सबर्गन हे नाव दिले आणि सतराव्या शतकात डचांनी तिथे देवमाशांच्या शिकारीसाठी स्मेरेनबर्ग नावाचा तळ उभारला. त्याच शतकात, १६३७ च्या सुमारास, डचांनीच वेंगुर्ल्यात आपली वखार घातली. त्या वखारीचे पडके अवशेष आजही गावात उभे आहेत. एकाच देशाची गलबते एकाच काळात एका टोकाला चरबी उकळत होती आणि दुसऱ्या टोकाला व्यापार करत होती, हे लक्षात आल्यापासून मला ही दोन गावे तितकीशी परकी वाटत नाहीत.

दोन्ही गावांच्या घड्याळांत नेमका किती फरक असतो?

हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. दोन्ही वेळा वेंगुर्ले पुढे असते. वेंगुर्ल्यात रात्रीचे नऊ वाजले असतील, तर लाँगइयरब्येनमध्ये डिसेंबरात दुपारचे साडेचार आणि जूनमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात.

हा फरक वर्षातून दोनदा का बदलतो, आणि तो बदल भारतात किती वाजता होतो?

स्वालबार्डला नॉर्वेचीच प्रमाणवेळ लागू आहे आणि नॉर्वेत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे घेतले जाते. हा बदल युरोपातील बहुतेक देशांत एकाच क्षणी होतो आणि तो क्षण भारतीय वेळेनुसार रविवारी सकाळी साडेसहाचा असतो. वेंगुर्ल्यात त्या वेळी पहिला चहा उकळत असतो. भारतात घड्याळ बदलत नसल्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी एप्रिलभर आई ठरलेल्या वेळी फोनपाशी बसायची आणि मुलीचा फोन तासभर आधीच येऊन गेलेला असायचा. त्यानंतर आम्ही दिनदर्शिकेवर त्या दोन रविवारांभोवती लाल गोल काढू लागलो. हा उपाय साधा आहे, पण तो खात्रीचा आहे.

यातील एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. लाँगइयरब्येनमध्ये सूर्य २६ ऑक्टोबरच्या सुमारास क्षितिजाखाली जातो आणि चार महिने वर येत नाही. घड्याळ मागे घेण्याचा रविवारही २५ ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यानच येतो. म्हणजे दिवसाच्या प्रकाशाचा चांगला उपयोग व्हावा म्हणून जो बदल योजला गेला, तो त्या गावात नेमका दिवस नाहीसा होतो तेव्हाच अमलात येतो. तरीही कार्यालये, विमाने आणि बँका मुख्य भूमीशी बांधलेली असल्यामुळे घड्याळ बदलावेच लागते.

सूर्याच्या हिशेबाने दोन गावांत किती अंतर आहे?

वेंगुर्ले ७३.६ अंश पूर्व रेखांशावर आणि लाँगइयरब्येन १५.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. दोहोंतील ५८ अंशांना प्रत्येकी चार मिनिटे धरली, तर सूर्याचे खरे अंतर ३ तास ५२ मिनिटे येते. घड्याळातील साडेतीन आणि साडेचार या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी सूर्य आहे, आणि तो वर्षभर तिथेच असतो.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, आणि ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. वेंगुर्ले त्या रेषेच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर यायला सरासरी १२ वाजून ३५ मिनिटे होतात. लाँगइयरब्येन मात्र नॉर्वेची वेळ ज्या १५ अंशांच्या रेषेवरून ठरते तिच्या अगदी लगत आहे, म्हणून तिथे हिवाळी वेळेनुसार मध्यान्ह बरोबर बाराच्या आसपास असते. गंमत अशी की, जिथे मध्यान्ह घड्याळाशी इतकी अचूक जुळते, तिथे हिवाळ्यात मध्यान्हीला सूर्यच नसतो.

जुन्या माणसांच्या बोलण्यात कधी कधी ‘मुंबई टाइम’ असा उल्लेख येतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, परंतु मुंबईने आपली वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली, १९५५ पर्यंत सोडली नाही. वेंगुर्ल्याचा सूर्य त्या मुंबईच्या वेळेशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. लाँगइयरब्येनची स्थापनाही १९०६ चीच. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाने कोळशाच्या खाणीसाठी हे गाव वसवले आणि त्याचेच नाव गावाला मिळाले.

फोन करण्यासाठी कोणती वेळ चांगली?

वेंगुर्ल्यातील संध्याकाळ. लाँगइयरब्येनमध्ये कामाची वेळ साधारण सकाळी आठ ते दुपारी चार अशी असते, म्हणून तिथे काम सुटते तेव्हा वेंगुर्ल्यात हिवाळ्यात साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतात. दिवेलागण झालेली असते, पानावर बसायला थोडा अवकाश असतो, आणि दोन्हीकडची माणसे जागी आणि मोकळी असतात. सकाळी उठल्याबरोबर फोन करण्याची कोकणातील सवय मात्र इथे उपयोगाची नाही. वेंगुर्ल्यातील सकाळचे सहा म्हणजे तिकडे मध्यरात्रीनंतरचा दीड किंवा अडीच.

संपर्काच्या बाबतीत लोकांचा अंदाज उलटा ठरतो. लाँगइयरब्येनला मुख्य भूमीशी जोडणारी समुद्राखालची फायबर केबल वीस वर्षांहून अधिक काळापासून आहे, कारण गावावरच्या पठारावर उपग्रहांचे मोठे स्थानक आहे आणि ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह आपल्या प्रत्येक फेरीत त्या स्थानकाच्या नजरेत येतात. त्यामुळे ध्रुवाजवळचे नेट सहसा सुरळीत चालते. फोन तुटतो तो बहुतेक वेळा जुलैच्या वादळी पावसात, वीज गेल्यामुळे, आपल्याच बाजूने.

वेंगुर्ल्यात वर्षभरात दिवस किती लहान-मोठा होतो?

फारसा नाही. २१ जूनच्या सुमारास सूर्य सकाळी सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास उगवतो आणि सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. २१ डिसेंबरच्या सुमारास तो सातच्या थोडा आधी उगवतो आणि सहा-दहाच्या आसपास मावळतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत दोन तासांचाही फरक पडत नाही. म्हणूनच इथे वेळ सांगताना माणसे अजूनही ‘उन्हे कलल्यावर ये’ किंवा ‘तिन्हीसांजेच्या आत घरी ये’ असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते पुरते. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि अंगणातील काठीची सावली नाहीशी होते. सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तो ऑगस्टमध्ये, पण तेव्हा बहुतेक आकाश ढगांनी भरलेले असते.

लाँगइयरब्येनमध्ये चार महिने रात्र असते, म्हणजे चार महिने काळाकुट्ट अंधार असतो का?

नाही, आणि हा गैरसमज दूर होणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण घरची माणसे याच कल्पनेने घाबरतात. सूर्य साधारण २६ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी क्षितिजाच्या वर येत नाही हे खरे. पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही आठवड्यांत सूर्य क्षितिजाच्या थोडाच खाली असतो आणि दुपारच्या सुमारास कितीतरी वेळ निळसर उजेड पसरतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ मात्र खरोखरच गडद असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जवळजवळ बारा अंश खाली असतो आणि दक्षिणेला एखादी पुसट कडा दिसली तर दिसते. नॉर्वेतील लोक या दिवसांना ‘काळोखाचा काळ’ या अर्थाचा शब्द वापरतात, आणि तो ते भयाने उच्चारत नाहीत.

त्या काळात घराघरांच्या खिडक्यांत दिवे ठेवलेले असतात. रस्त्यावरून चालताना प्रत्येक खिडकीत एक उबदार ठिपका दिसतो आणि बर्फामुळे त्याचा उजेड दुप्पट वाटतो. मुलीने पाठवलेला असाच एक फोटो पाहून आई म्हणाली, “म्हणजे त्यांच्याकडे चार महिने दिवाळीच की.” तिच्या मनातील भीती त्या दिवशी बरीच कमी झाली. अंधारात झोपेचे वेळापत्रक बिघडू नये म्हणून तिथली माणसे घड्याळाप्रमाणे उठतात, दुपारी बाहेर फिरून येतात आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घेतात. जीवनसत्त्व ‘ड’साठी ते घेण्याची नॉर्वेतील रीत फार जुनी आहे.

सूर्य परत येतो तो दिवस कसा असतो?

हिशेबाने सूर्य फेब्रुवारीच्या मध्याला क्षितिजावर येतो, परंतु गाव डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे त्याची किरणे गावात पोहोचायला आणखी तीन आठवडे लागतात. ८ मार्च हा तो दिवस मानला जातो. गावातील जुन्या इस्पितळाच्या पायऱ्या जपून ठेवल्या आहेत, आणि या पायऱ्यांवर सूर्यकिरण पडले की सूर्य परत आला असे समजायचे, असा रिवाज आहे. मुले चेहरे पिवळे रंगवून, डोक्याला कागदी किरणे बांधून तिथे जमतात आणि सूर्याला मोठमोठ्याने हाका मारतात. ऊन पायरीला लागताच जो गलका होतो, तो आम्ही फोनवर ऐकला. वेंगुर्ल्यात तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेले होते आणि आमचा सूर्य समुद्राकडे झुकत होता.

आपल्याकडे रथसप्तमी हा सूर्याचा सण. तो बहुतेक वर्षी जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात येतो, म्हणजे त्या दिवशी लाँगइयरब्येनमध्ये सूर्य अजून उगवलेलाच नसतो. मुलीने एका वर्षी वाटीत दूध उतू घालून रथसप्तमी ८ मार्चला केली. तिथीच्या शास्त्रात ते बसत नाही, पण मला ते योग्य वाटले.

सूर्य परत आल्यावर दिवस किती वेगाने वाढतो?

पंधरा फेब्रुवारीला शून्यावरून निघालेला दिवस २० एप्रिलच्या सुमारास चोवीस तासांचा होतो. म्हणजे सरासरी रोज वीस मिनिटांहून अधिक वाढ. वेंगुर्ल्यात सहा महिन्यांत जेवढा फरक पडतो, तेवढा तिथे आठवड्याच्या आत पडतो.

उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मग लोक झोपतात कसे?

जाड, काळे पडदे लावून आणि घड्याळावर विश्वास ठेवून. २० एप्रिल ते २२ ऑगस्टच्या दरम्यान सूर्य आकाशात गोल फिरत राहतो. जूनमध्ये दुपारी तो सुमारे ३५ अंशांवर आणि मध्यरात्री सुमारे १२ अंशांवर असतो. हे ऊन तिरपे आणि सौम्य असते. वेंगुर्ल्याच्या मे महिन्यातील चटक्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. नव्याने गेलेल्या माणसाची पहिली अडचण अशी होते की, ‘रात्र झाली, आता थांबावे’ असे सांगणारे बाहेर काहीच नसते. मुलगी एकदा रात्री एक वाजता कपडे धुऊन वाळत घालत असताना तिला वेळेचे भान आले. म्हणून घरच्यांनी उन्हाळ्यात फोनवर ‘काय करते आहेस’ याबरोबर ‘जेवलीस का, झोपलीस का’ हेही विचारावे. तिथे हा प्रश्न निव्वळ उपचाराचा नसतो.

संकष्टीचा उपवास सोडायला तिथे चंद्रोदय कधी होतो?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला गेला, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना आश्चर्यात टाकते. वर्षातील बऱ्याच संकष्टींना लाँगइयरब्येनमध्ये चंद्रोदय होतच नाही.

कारण असे : इतक्या उत्तरेला चंद्र विषुववृत्ताच्या सुमारे बारा अंशांहून अधिक उत्तरेकडे गेला की तो मावळत नाही, आणि तितकाच दक्षिणेकडे गेला की उगवत नाही. चंद्र दर महिन्याला या दोन्ही बाजूंना जातो, त्यामुळे महिन्यातील काही दिवस तो सतत आकाशात असतो आणि काही दिवस मुळीच दिसत नाही. कृष्ण चतुर्थीचा चंद्र यांपैकी कोणत्या टप्प्यात सापडतो हे ऋतूवर अवलंबून असते. साधारणपणे भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंतच्या संकष्टींना चंद्र मावळलेलाच नसतो, म्हणून उगवण्याचा प्रश्न येत नाही. काळोखाच्या काळात हा न मावळणारा चंद्र बर्फावर इतका प्रकाश देतो की डोंगरांच्या कडा स्पष्ट दिसतात. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या संकष्टींना चंद्र क्षितिजाखालीच राहतो. आपल्या ओळखीचा, उगवणारा चंद्र संकष्टीला मिळतो तो साधारण पौष-माघात आणि आषाढ-श्रावणात, आणि त्यातही आषाढात, आणि काही वर्षी श्रावणातही, भोवती न मावळणारे ऊन असते.

मग काय करावे? पंचांगातील चंद्रोदयाची वेळ ही नेहमी कोणत्या तरी एका गावची असते, हे आपल्या माहितीचे आहे. मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही. ज्या गावी चंद्रोदयच होत नाही तिथल्या माणसाने आपल्या घरची वेळ धरावी, असे आमच्या घरी ठरले, आणि मला ते सर्वांत समाधानकारक वाटते. वेंगुर्ल्यात संकष्टीचा चंद्रोदय बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो. लाँगइयरब्येनमध्ये तेव्हा हिवाळ्यात दुपारचे चार ते साडेपाच आणि उन्हाळ्यात पाच ते साडेसहा वाजलेले असतात. नॉर्वेत दिवसाचे मुख्य जेवण नेमके याच सुमारास घेण्याची रीत आहे. त्यामुळे आई इकडे चंद्राला अर्घ्य देऊन पानावर बसे आणि मुलगी तिकडे त्याच वेळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भात वाढून घेई. एकाच गावात राहूनही उपवास इतका एकत्र सुटला नसता.

एकादशी आणि इतर तिथींचे काय?

तिथी बदलण्याचा क्षण सर्व पृथ्वीवर एकच असतो. वेगळा असतो तो सूर्योदय, आणि व्रताचा दिवस बहुधा सूर्योदयाच्या तिथीवरून ठरतो. आषाढी एकादशीला लाँगइयरब्येनमध्ये सूर्य मावळत नाही आणि कार्तिकी एकादशीला तो सहसा उगवत नाही, म्हणून दोन्ही मोठ्या एकादशींना तिथे सूर्योदय नाही. इथेही घरचे पंचांग हाच आधार. सिंधुदुर्गातील माणसाला याचे विशेष वाटू नये. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका १९७३ पासून घराघरांत पोहोचवणारे जयंतराव साळगावकर मालवणचे होते, आणि भिंतीवरच्या त्या कागदावर आमच्या जिल्ह्याचा फार विश्वास आहे.

तिन्हीसांजेचा दिवा कधी लावावा, असेही एकदा विचारले गेले. वेंगुर्ल्यात सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो आणि तेवढ्यात तुळशीपुढे दिवा लागतो. लाँगइयरब्येनमध्ये फेब्रुवारीत तिन्हीसांज कित्येक तास टिकते, जूनमध्ये ती येतच नाही. दिवा घरच्या वेळेला लावावा.

वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणत्या वेळी द्याव्यात?

वेंगुर्ल्यात रात्री बारा वाजता तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या गावची तारीख धरावी आणि आपण तिकडची सकाळ होऊ देऊन निवांत फोन करावा. हिवाळ्यात दुपारी साडेबारा ही वेळ तिथल्या सकाळी आठची आहे.

दशावताराचे नाटक तिथून पाहता येते का?

येते, आणि वेळेचा फरक इथे कोणी मुद्दाम योजावा इतका अनुकूल आहे. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या देवळांपुढे दशावतारी नाटके होतात, आणि ती रात्री उशिरा, बऱ्याचदा मध्यरात्रीच्या सुमारास उभी राहून पहाटेपर्यंत चालतात. वेंगुर्ल्यात मध्यरात्र म्हणजे लाँगइयरब्येनमध्ये संध्याकाळचे साडेसात. मुलगी जेवण आटोपून बसे, आणि इकडे भावाने मानसीश्वराच्या जत्रेत फोन उंच धरलेला असे. पडद्याआडून हार्मोनियमचा सूर, मग पखवाज आणि झांज, मग संकासुराचा काळा वेष. खुर्च्यांवर मफलर गुंडाळून बसलेली माणसे, मागे खाजे-लाडवांच्या दुकानांतील पिवळे दिवे. इकडे पहाटे पाचला नाटक संपे तेव्हा तिच्याकडे साडेबारा वाजलेले असत, म्हणजे झोपण्याची वेळ. वेंगुर्ल्यातील माणूस ज्या नाटकासाठी रात्र जागवतो, ते तिला जागरण न करता पाहायला मिळत होते.

हवामानात काय फरक आहे?

वेंगुर्ल्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाँगइयरब्येनमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर. तो प्रदेश थंड वाळवंटच आहे. वेंगुर्ल्यातील वर्ष पावसाने दुभंगते. मासेमारीची बंदी १ जूनपासून लागते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते. लाँगइयरब्येनमधील वर्ष प्रकाशाने दुभंगते. तरीही चार महिने घरात राहणे, साठवणीवर भागवणे आणि पहिल्या उघडिपीची वाट पाहणे हे दोन्हीकडे सारखेच आहे, असे मला वाटते.

या दोन हवामानांचा संबंधही अभ्यासला जातो. ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची भारताची राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्कोला आहे. तिचे ‘हिमाद्री’ हे केंद्र स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुन येथे, लाँगइयरब्येनच्या वायव्येला सुमारे ११० किलोमीटरवर, २००८ मध्ये सुरू झाले. ध्रुवावरचे बदलते हवामान आणि आपला मान्सून यांचा परस्परसंबंध हा तिथल्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा विषय आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ काळोखाच्या काळातही तिथे जाऊ लागले आहेत. म्हणजे वेंगुर्ल्यापासून काही तासांच्या अंतरावर अशी घरे आहेत, जिथे आमच्यासारखाच साडेतीन-साडेचार तासांचा हिशेब चालू असतो.

तिथे जन्माला आणि मृत्यूला बंदी आहे, हे खरे का?

अशी बंदी नाही. गावचे इस्पितळ लहान असल्यामुळे गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या साधारण तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात. जमीन कायम गोठलेली असल्यामुळे पुरलेले देह कुजत नाहीत, म्हणून १९५० पासून तिथल्या दफनभूमीत शवपेटीचे दफन होत नाही. अस्थिकलश ठेवता येतो. वृद्धांच्या देखभालीची सोयही तिथे नाही. त्यामुळे गावात आजी-आजोबा जवळजवळ दिसत नाहीत. ज्या वेंगुर्ल्यात प्रत्येक पडवीत एखादी म्हातारी सुपारी कातरत बसलेली असते, तिथून गेलेल्या मुलीला ही उणीव थंडीपेक्षाही अधिक जाणवली.

भारतीय माणसाला तिथे राहायला व्हिसा लागतो का?

१९२० च्या स्वालबार्ड कराराप्रमाणे, ज्यावर त्या वेळच्या भारताच्या वतीनेही सही झाली होती, तिथे राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेतूनच जाते, त्यामुळे शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) घ्यावा लागतो, आणि परत येताना पुन्हा नॉर्वेत शिरायचे असल्यामुळे तो दोन प्रवेशांचा असावा. वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलांपासून बचावाचे साधन जवळ असणे सक्तीचे आहे. विद्यार्थ्यांना बंदूक चालवण्याचे प्रशिक्षण आधी दिले जाते. आईला हे आम्ही सहा महिन्यांनी सांगितले.

वेंगुर्ल्याचे काजू आणि आंबे तिथल्या बियाण्यांच्या तिजोरीत आहेत का?

लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरात २००८ मध्ये सुरू झालेल्या तिजोरीत जगभरच्या पिकांची बियाणी उणे १८ अंशांवर ठेवली आहेत. हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिथे ज्वारी-बाजरीसारख्या पिकांचे वाण पाठवले आहेत, म्हणजे आपली भाकरी तिथे सुरक्षित आहे. आंब्याची कोय मात्र ना सुकवणे सहन करते ना गोठणे, आणि हापूसचा गुण कोयीतून नव्हे तर कलमातून उतरतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ यांसारख्या काजूच्या जातीही कलमांनीच वाढवल्या जातात. ही झाडे जिवंतच जपावी लागतात, पिढ्यान्‌पिढ्या, कोणीतरी गावात राहून.

दोन्ही गावांत सारखी असलेली एखादी रीत आहे का?

आहे. लाँगइयरब्येनमध्ये संग्रहालयात, हॉटेलात आणि अनेक सार्वजनिक जागी दाराशीच बूट काढावे लागतात. खाणकामगारांच्या बुटांबरोबर कोळशाची काळी धूळ आत येत असे, तेव्हापासून ही रीत पडली. तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली, पण रीत राहिली आहे. मुलीने पहिल्या दिवशी पाठवलेल्या फोटोत दारामागे बुटांची लांबच लांब रांग होती, आणि तो पाहत आमची आई वेंगुर्ल्याच्या ओसरीत, पायरीखाली काढून ठेवलेल्या चपलांशेजारी बसली होती.